गुरुवारी बंद, मंगळवारी मॅक्सी

गेवराई,
२० नोव्हेंबर, गुरुवार

दादा,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून कागदावर लिहायलेय. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघाली न्हाई. तुज्या साखरपुड्यात तुज्या सासऱ्यासमोर मी तुला पळपुटा डॉक्टर म्हणले, त्याची माफी या पत्रात न्हाई. शोधू नको.

खबर एवढीच की मला नोकरी लागली. तुज्याच पुण्यातली एक संस्था हाय, ती आपल्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांचा सर्वे करायलीय. पैसा किती येतो, माणसं किती हायत, काम किती होतं. मला एक टॅब दिलाय, गळ्यात अडकवायला पट्टा दिलाय आन् डोक्यावर धनश्री मॅडम दिल्यात. त्या पुण्यात बसून आमच्यावर नजर ठेवत्यात. 'डेटा बोलतो' म्हणत्यात. हितं माणसं तोंड उघडंनात, आन् डेटा बोलणार म्हणं.

महिनाभर हिंडले. ज्या खात्याला तू पाठ दाखवलीस, त्याची शान सांगते, ऐक. एका केंद्रात ड्रायव्हर हाय, गाडी न्हाई. दुसऱ्यात गाडी हाय, पण विटांवर उभी, आन् तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालती. रक्त तपासणारा माणूस जिल्ह्याच्या ऑफिसात टायपिंग करतो. पगार हितला, खुर्ची तिथली. डॉक्टर मीटिंगला गेलेत. कोणत्याबी दिवशी जा, डॉक्टर मीटिंगलाच गेलेले असतेत. एवढ्या मीटिंगात त्यांनी आतापर्यंत अख्खा देश बरा करायला पाहिजे होता. आन् दवाखान्याला स्वतःच्या मर्जीनं खर्चायला जो निधी येतो ना, त्याचे सगळ्यांनी पडदे घेतलेत. साहेब येणार, पडदे लावा. एका उपकेंद्रात तर भिंतीवर पडदा लावलाय, मी उचलून बघितला, मागं खिडकीच न्हाई.

शेवटचा प्रश्न असतो, तुमच्या कामातली मुख्य अडचण कोणती. एक डॉक्टर चुकून सापडले, ते म्हणले, "सर्वे." मी तसंच लिहिलं. मॅडमनं खोडलं.

तर आज आपल्या गावची पाळी होती. आपल्या गावची म्हणजे आप्पाच्या वावरातल्या उपकेंद्राची. पुण्यात ऱ्हाऊन तू इसरला असशील, म्हणून आठवण देते. गाव एकीकडं आन् दवाखाना तिकडं लांब मोसंबीच्या बागंजवळ, हे कावून? तर आप्पानं जागा दान दिली म्हणून. दान कावून दिली? तर दवाखाना आला की रस्ता येतो, रस्त्यासंगं लाईट येती, आन् दोन्ही जाऊन थांबतेत आप्पाच्या विहिरीवर. उद्घाटनाला माईकवर बोलले, माजा तान्या डॉक्टर होणार आन् हितंच बसणार. तू शाळेच्या गणवेशात पुढं उभा होतास. सगळ्यांसंगं तू बी टाळ्या वाजवल्यास.

आज तिथं कुलूप होतं. व्हरांड्यात मेंढरांच्या लेंड्या. पलीकडं धनगर वस्ती हाय ना, ऊन लागलं की त्यांची मेंढरं सावलीला येऊन बसतेत. दवाखान्याचा फायदा आतापर्यंत कुणाला झाला विचारलं तर मेंढरांचं नाव पहिलं लिहावं लागंल. खिडकीतनं आत बघितलं. बाळंतपणाचं टेबल हाय ना, त्याच्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग. पिशव्यांत मॅक्सी. बायका घरात घालतेत त्या, फुलाफुलाच्या, साइजनं लावून ठेवलेल्या. सिस्टर एक मंजूर, गैरहजर. काम, काही न्हाई. दवाखाना बंद. शेऱ्यात लिहिलं, बाळंतपणाच्या टेबलाचा वापर कपड्याच्या दुकानासाठी. फोटो जोडला.

लई बरं वाटलं, दादा. आप्पाच्या दानाला शून्य मार्क देणारी पंचक्रोशीत मी पहिलीच.

जागा देणारा माणूस माजा बाप हाय, हे मॅडमला सांगितलं न्हाई. त्यांच्या टॅबमधी तसा प्रश्न न्हाई.

उत्तर पाठवू नको. तुजी सवय मोडंल.

दर्शी


गेवराई,
३ डिसेंबर, बुधवार

दादा,

आप्पा माज्याशी बोलले. ग्रामपंचायतीला त्यांच्या पॅनलकडून उभी ऱ्हायले न्हाई, तवापासून ते मला 'ती' म्हणत होते. जेवायला बसले की आईला म्हणायचे, तिला विचार, तिला वाढ. मी समोरच बसलेली असायचे. शेवटी गेवराईत खोली केली. काल तेच आप्पा माज्या खोलीवर, संगं सुंदरराव माजी सरपंच आन् मोसंबीची टोपली.

मला वाटलं, कुणी मेलं.

तर आप्पा माज्या डोक्यावर हात ठेवून म्हणले, "नाव काढलंस बाई. सरकारला बी सोडलं न्हाईस."

सुंदरराव मान हलवत होते. त्यांची मान कुणाच्याबी वाक्याला हलती, तुला माहीतच हाय. आप्पानं त्यांना माजा शून्य सांगितला, जसं कुणी पोरीचा बोर्डाचा निकाल सांगतंय. सर्वे तालुक्याच्या साहेबाकडं पोचलाय. साहेबानं आप्पाला दाखवलाय. तुमच्या गावचं उपकेंद्र बंद, इमारत मोडकी, नावालाच हाय. आप्पा खूश.

मंग सुंदररावानं तोंड उघडलं आन् मला उलगडलं. हायवे रुंद झाला. आप्पाच्या वावरातला तो रस्ता आता सरळ हायवेला लागतो, आन् दवाखान्याची जागा बरोबर तोंडावर. पेट्रोल पंपवाले जागा बघून गेलेत. पण जागा दानात गेलेली. बक्षीसपत्रात आज्यानं एक अट टाकलती, जागा दवाखान्यासाठीच वापरायची, दवाखाना बंद पडला तर जागा देणाऱ्याला परत. आजा शहाणा होता का बदमाश, मला अजून ठरवता येईना.

आता दवाखाना बंद हाय असं कोण म्हणतंय? आप्पा म्हणले असते तर लोक हसले असते. पुण्याची शिकलेली संस्था म्हणती. म्हणजे मी.

देणारा कोण, हे बी सांगते. ती जमीन आज्यानं तुज्या नावावर केलेली, तू लहान होतास, आप्पानं पालक म्हणून सही केलती. आता परत मागायचा अर्ज तुज्याच सहीनं जातो. कागद तुज्याकडं कुरिअरनं निघालाय. तुला वाटंल, बापाला पोरगं आठवलं. न्हाई. सही आठवलीय.

जाताना आप्पा उंबऱ्यावर थांबले, म्हणले, घरी येत जा. ते ऐकायची मी किती दिवस वाट बघितली असंल, आन् ऐकलं कशापायी. मोसंबी मालकिणीला देऊन टाकली.

कागद वाचून बघ, एवढंच म्हणते. सही करू नको असं अजून म्हणत न्हाई. मला तरी कुठं त्या मॅक्सीच्या दुकानाचं पडलंय.

दर्शी


गेवराई,
१७ डिसेंबर, बुधवार

दादा,

सही करू नको.

कावून ते सांगते, पण मधी कुणी देवमाणूस भेटला असं समजू नको. तसलं काही झालेलं न्हाई.

काल मंगळवार होता. मी टॅब खोलीवर ठेवला आन् साध्या कपड्यात उपकेंद्रावर गेलते. लांबूनच गलका ऐकू आला. व्हरांडा बायकांनी भरलेला. गावातल्या थोड्या, धनगर वस्तीवरच्या जास्त. मधोमध वर्षाराणी सिस्टर खुर्चीवर, आडव्या अंगाची, तोंडात बडीशेप, पायापाशी मॅक्सीचा ढीग. तिनं सरकारच्या दवाखान्यात सरळ दुकान मांडलंय. गेवराईच्या बाजारातनं ठोक माल आणती आन् हितं इकती. रंग जातो, शिवण उसवती, दुसऱ्या मंगळवारी बायका येऊन भांडतेत. ती म्हणती, "थंड पाण्यात धुवायची होती," आन् दुसरी गळ्यात मारती. पगार घेऊन धंदा करायला तिला जराबी लाज न्हाई. मी तुला सांगते, त्या बाईत मला आवडण्यासारखं काही एक सापडलं न्हाई.

पण मॅक्सीला हात लावायचा तर आधी लेकराचं कार्ड दाखवायचं. तिचा नियम. एक बाई निळी मॅक्सी उचलायला गेली तर सिस्टरनं तिच्या हातावर चापट मारली.

"आधी कार्ड, मंग कापड."

कार्ड बघायचं. सुई ऱ्हायली असली तर लेकरू टेबलावर. तिथंच आईनं पाय धरायचे, लेकरू किंचाळतंय, आन् आईची नजर निळ्या मॅक्सीवर. पोटुशी असली तर आधी बीपी, मंग रंग निवडायचा. झोळीचा काटा छताला टांगलेला, त्यात लेकरू घालायचं, वजन लिहायचं, मंग घासाघीस. एक म्हातारी तिथं नुसती मॅक्सी बघायला आलती, तिला बी सिस्टरनं धरून बीपी तपासलं. म्हातारी शिव्या देत गेली.

मी तिला विचारलं, हे काय चालवलंय. ओळखपत्र न्हवतं तरी तिनं मला ओळखलं. माज्या शून्याचा फोटो तिच्या फोनवर पोचला होता.

"तुमीच का त्या गुरुवारच्या," ती म्हणली. "गुरुवारी मी दुसऱ्या गावात असते. तीन गावं मला एकटीला. तुमच्या टॅबला एकच दिवस म्हाईत हाय का?"

मी म्हणले, आन् दुकान? म्हणली, "नुसती सुईला बोलवून बघा ना तुमी. आमी बोलवलंय. मेंढरं सोडून कुणी येत न्हाई. मॅक्सीला येतेत. लेकरू घरी कुणाजवळ ठेवतील, काखेतच येतंय." आन् वर म्हणली, "मला बी दोन पैसे सुटतेत, खोटं कावून बोलू."

त्यात तिनं मला एक मॅक्सी दाखवली, तुम्हाला हा रंग खुलंल म्हणून. मी घेतली न्हाई.

परत निघाले तर वस्तीवरची संगीता मागं मागं आली. मेंढरावाल्या हनुमानची बायको. काखेत नवं लेकरू, पहिली सुई टोचून घेतलेलं, रडून दमलेलं. तिनं इचारलं, "ताई, दवाखाना मोडणार म्हणतेत, खरं हाय का?" मी म्हणले, कुणी सांगितलं. म्हणली, तुमच्या आप्पानीच, हितं पंप होणार, तुमच्या मेंढरांना दुसरी सावली बघा. मंग तलवाड्याच्या दवाखान्यात जायचं का, तिनं विचारलं. मेंढरं कुणावर सोडायची, गाडी कुणाची सांगायची, तिथं गेल्यावर आजचा वार न्हाई म्हणले तर? हे सगळं ती तक्रारीच्या सुरात बोलली न्हाई, नुसतं विचारत होती, जणू मीच ते खातं चालवते.

तर असं हाय. ते उपकेंद्र घाणेरडं हाय, बेकायदेशीर हाय, मेंढरांच्या लेंड्यांनी भरलंय, आन् चालतंय. महिनाभरात जेवढी चकचकीत केंद्रं बघितली, पडदेवाली, त्यातल्या एकातबी मला एका जागी एवढी लेकरं दिसली न्हाईत.

मी लगेच मॅडमला फोन केला, आपल्या गावचं दुरुस्त करायचंय. त्या म्हणल्या, "गुरुवारचा डेटा लॉक झालाय, प्रियदर्शनी. तू त्या दिवशी बंद बघितलंस, म्हणजे बंद." उघडायचा असला तर लेखी कारण पाहिजे. कारण लिहायचं म्हणजे बाप कोण ते लिहावं लागतंय. ते लिहिलं की नोकरी गेली. म्हणून अजून लिहिलं न्हाई.

तुज्याकडं मात्र कारण लिहायचं काम न्हाई. तुला फक्त एक गोष्ट करायची न्हाई, आन् काही न करण्यात तुजा हात कुणी धरणार न्हाई. जे तुला सगळ्यात चांगलं जमतंय तेच मागायलेय. कागद टेबलावर पडू दे. त्याच्यावर चहाचा कप ठेव.

दर्शी


घर,
९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर तानाजी अर्जुनराव,

तुमची सही पोचली. आप्पानं मला बोलावून दाखवली. सही लई सुंदर हाय, औषधाच्या चिठ्ठीवर करतेत तसली न्हाई, एकेक अक्षर वाचता येतं. संगं आप्पाच्या फोनवर तुमचा मेसेज, तो त्यांनी सुंदररावासमोर मोठ्यानं वाचला. "सही करून पाठवली आहे. मी खूप बिझी आहे. दर्शीला सांगा, मला या सगळ्यात ओढू नकोस."

'आहे'. वाचून मला तुज्या सहीपेक्षा त्या 'आहे'चा राग आला. याच घरात तू बारावीपर्यंत 'हाय' म्हणत होतास.

म्हणजे माजी पत्रं पोचली. वाचली बी. वाचून केलीस. मला वाटलं होतं, तू भित्रा हायस. भित्रा माणूस निदान सहीला वेळ लावतो.

मी त्याच दिवशी मॅडमला लेखी कारण पाठवलं. जागा देणारा माजा बाप, अर्ज करणारा माजा भाऊ, मी एकाच गुरुवारी गेलते आन् बंद बघून मला आनंद झाला. मॅडमचा फोन आला. त्या ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, तू आमच्या विश्वासाला तडा दिलास, पट्टा आन् टॅब जमा कर. पण दुसरी पोरगी पाठवली त्यांनी, मंगळवारी. लातूरची होती. तिनं सगळं लिहिलं, मॅक्सीसकट. सेवा चालू, इमारत खराब, गावात पर्यायी जागा द्यावी, तोपर्यंत बंद करू नये. तिनं एक मॅक्सी बी घेतली म्हणे. मूर्ख.

आता साहेबाच्या टेबलावर दोन कागद हायत, बंदचा आन् चालूचा. आप्पा म्हणतेत, साहेब माजाच हाय. असंल. या जिल्ह्यात साहेब कुणाचा तरी असतोच.

मी खोली सोडून घरी आले. नोकरी न्हाई, भाडं कुठनं देऊ. आईनं माजं ताट मांडलं. आप्पा परत 'ती' म्हणायला लागले.

हे शेवटचं पत्र. तुज्यासारख्याला लिहायला कागद महाग पडतो.

प्रियदर्शनी


घर,
१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

शेवटचं म्हणले होते. खोटं बोलले.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. साहेब स्वतः आलते, म्हणजे आप्पाचं काम होणार हे नक्की. मारुतीच्या पारासमोर खुर्च्या, मधल्या खुर्चीवर आप्पा. साहेबांनी दोन्ही कागद वाचले, आन् असं काही बोलले की दोन्ही बाजूंना वाटलं, आपण जिंकलो. इमारत धोकादायक, पाडायला हरकत न्हाई, जागा देणाऱ्याला परत जाईल. पण सेवा चालू असल्याचा अहवाल हाय, त्यामुळं उपकेंद्र बंद करता येत न्हाई. गावानं आधी जागा द्यावी. जागा मिळाली की दुसऱ्या दिवशी परतीच्या कागदावर साहेबाची सही.

आप्पा म्हणले, शाळेची खोली घ्या. मास्तर उठले, म्हणले दोन वर्ग एका खोलीत बसतेत, तिसरं काय घालू. मंग सभामंडप घ्या. त्याला देवळाचे लोक तयार न्हाईत, बाळंतिणी आन् सुया तिथं नको. कुणाचं गोदाम, तर त्यात सोयाबीन. तुला आपलं गाव म्हाईत हाय, दान द्यायची वेळ आली की सगळ्यांच्या खोल्या भरलेल्या असतेत. साहेब घड्याळ बघायला लागले, म्हणले, मंग पुढच्या ग्रामसभेत बघू. आप्पाचं तोंड उतरलं. पंपवाले तोपर्यंत थांबत न्हाईत.

बायका मागं बसल्या होत्या. आई त्या दिवशी पहिल्यांदा ग्रामसभेला आलती. मला वाटलं, नोकरी गेलेल्या पोरीला सोबत म्हणून आली. ती उठली. पदर डोक्यावर सारखा केला आन् साहेबाकडं बघून बोलली, आप्पाकडं न्हाई.

"आमच्या बैठकीत बसवा. खोली मोठी हाय, फरशी हाय, पंखा हाय. दिवसभर माणसं नुसती बसून असतेत तिथं."

साहेबानं आप्पाकडं बघितलं, म्हणले, अर्जुनराव, तुमच्याच घरातनं प्रस्ताव आलाय, वा. सुंदररावाची मान सवयीनं हलली. टाळ्या वाजल्या. आप्पाला जमीन पाहिजे तर हो म्हणावं लागत होतं, आन् चारचौघांत बायकोला न्हाई म्हणलं तर दानशूर कसं ऱ्हायचं. त्यांनी हो म्हणलं. आजपर्यंत त्यांचं एवढं बारीक 'हो' मी ऐकलं न्हवतं.

घरी आल्यावर आप्पा आईवर लई ओरडले. आईनं एवढंच सांगितलं, "तुमच्या माणसांचा चहा करून करून माजे हात गेले. आता त्यांना दुसरीकडं पाजा." त्यात दवाखान्याची माया किती आन् चहाचा कंटाळा किती, मी मोजायला गेले न्हाई.

तर दादा, आपली बैठक आता उपकेंद्र हाय. सोफा गोठ्यात गेला. आप्पानं दुबईवाल्या ठेकेदाराकडून आणलेलं झुंबर आईनं उतरवलं, कारण झोळीच्या काट्याला हूक पाहिजे होता. वर्षाराणी सिस्टर आतल्या दिवाणावर मॅक्सी मांडती, आन् आईशी रोज भांडती, कारण तिला आमच्या फ्रीजमधलं पाणी थंड लागत न्हाई. धनगर वस्तीवरच्या बायका पहिल्या मंगळवारी उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. या घरात त्यांना कधी कुणी आत बोलवलं न्हवतं. आई म्हणली, आत या, न्हाईतर सिस्टर उठून जाईल. मंग आल्या. त्यांना पायी लांब पडतंय, ते तसंच ऱ्हाणार, तुज्या सहीनं तेवढं नुकसान कायमचं झालं. आप्पा मंगळवारी सुंदररावाच्या ओट्यावर बसतेत. पंपाच्या जागेवर खड्डे खोदायला लागलेत.

हे सगळं सांगायला लिहिलं असतं तर पोस्टानं पाठवलं असतं.

संगीताचं लेकरू आठवतंय का, हनुमानचं, पहिली सुई टोचलेलं? पोरगा हाय. त्याचं वजन वाढंना. सिस्टर म्हणली, दूध कमी पडत असंल. आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती, ती म्हणली, दूध हाय, पण हे पितंय बघ कसं. दोन घोट पितंय, थांबतंय, धापा टाकतंय. थंडीच्या दिवसात दूध पिताना कपाळाला घाम. मंग सिस्टरनं बडीशेप थुंकून ओठ बघितले. रडलं की निळसर होतेत. तिनं त्या दिवशी दुकान उघडलं न्हाई, रिक्षा बोलवून स्वतः गेवराईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं नळी लावून बघितलं, हृदयात आवाज येतोय, भोक असंल, मोठ्या ठिकाणी मशीनवर बघावं लागंल, उशीर करू नका. ऑपरेशनचा खर्च सरकार देतंय म्हणे. पण कुठं जायचं, कुणाला भेटायचं, कोणता कागद आधी, हे तिथं कुणाला धड सांगता आलं न्हाई. मी एवढे दवाखाने मोजून आले, दादा, मला बी सांगता येईना.

तू लेकरांचा डॉक्टर हायस. हृदयवाले तुज्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर बसतेत, हे तुज्या साखरपुड्यात तुजा सासरा सगळ्यांना सांगत होता. तुला ओढू नको म्हणलास, म्हणून तुला ओढत न्हाई. लेकरूच पाठवलंय.

हनुमाननं मेंढरं मेव्हण्यावर सोडली. आईनं भाकरी बांधून दिल्यात, त्यातल्या दोन तुज्यासाठी हायत, घ्यायच्या का न्हाई तू बघ. तो पुण्याला पहिल्यांदा आलाय. रिसेप्शनवरच्या पोरीला त्यानं काय सांगितलं असंल मला म्हाईत न्हाई. मी त्याला एकच सांगितलंय, पत्र डॉक्टरच्याच हातात द्यायचं, आन् डॉक्टर वाचून होईपर्यंत तिथनं हलायचं न्हाई.

म्हणजे आता तो तुज्यासमोर उभा हाय. न्हाई म्हणायचं असलं तर मला म्हणू नको, त्याला म्हण. त्याच्या मागं संगीता असंल, लेकरू पदराखाली घेऊन. ती आपणहून विचारणार न्हाई. लोकं रागावतेत म्हणून आता ती काही विचारत न्हाई.

पत्र खाली ठेव आन् लेकरू हातात घे.

दर्शी